सहा बावन्न

"हात पुढं कर," जयवंत म्हणाला, "आणि पट्टा घट्ट बांध. सैल राहिला तर ठोके नीट पकडत नाही ते."

यवतेश्वर घाटाच्या पायथ्याला शेवंतामावशीची चहाची टपरी होती. तिच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला आम्ही दोघं उभे होतो. जयवंतने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या मनगटावर चढवलं आणि मोबाइल ठेवायची दंडावरची पिशवीही माझ्या दंडावर सरकवली. सगळं मिळून पंधरा सेकंदं. मोटारींचं रिवाइंडिंग करणारा माणूस, त्याचे हात भराभर चालायचे. घड्याळाच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकत होता. पडद्यावर आधी नुसत्या रेघा आल्या, मग आकडा उमटला, शहाण्णव. ते माझे ठोके होते. खाली गावात, काटकरांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर टेकवून ठेवलेल्या फोनवर ते जयवंतचे म्हणून दिसायला लागले.

"आता तू जयवंत काटकर," तो म्हणाला. "एकशेतीसच्या वर जायचं नाही. बायको रागावते."

मी हसलो. त्याने खिशातून एक साधं स्टॉपवॉच काढलं, बटण दाबलं आणि धुक्यात दिसेनासा झाला. याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा आपण हसलो होतो, हे मी अजून विसरू शकलेलो नाही.

आमची ओळख पळण्यातलीच. मी पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता होतो, चाळिशीनंतर पोट सुटलं म्हणून पळायला लागलो. जयवंतचा एमआयडीसीत मोटार रिवाइंडिंगचा कारखाना होता. तो हौसेनं पळायचा, आणि पळायचा असा की रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली माणसं मान वळवून बघायची. माझं पळणं म्हणजे रोलर चालल्यासारखं, सावकाश आणि न थांबता. सात वर्षं आम्ही रोज सकाळी बरोबर निघायचो आणि पहिल्या वळणावरच वेगळे व्हायचो. परत आल्यावर टपरीवर एकत्र चहा. त्या चहासाठी मी पळतो असं तो सगळ्यांना सांगायचा आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

आदल्या डिसेंबरात त्याच्या छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पळायची परवानगी दिली, पण एका अटीवर. ठोके मिनिटाला एकशेतीसच्या वर जाता कामा नयेत. त्याची मुलगी केतकी पुण्यात नोकरी करायची. तिने बाबांना हे जीपीएसवालं घड्याळ आणून दिलं आणि आईच्या फोनवर अशी सोय करून दिली की बाबा कुठल्या वळणावर आहेत आणि त्यांचे ठोके किती आहेत, हे आईला घरबसल्या दिसावं. हेमलतावहिनी मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. आलेख वाचणं हा त्यांचा रोजचाच धंदा. सकाळी डब्याच्या पोळ्या लाटता लाटता त्या नवऱ्याच्या काळजाकडे बघत असत. तो घरी आला की कुठल्या मिनिटाला एकशेचौतीस झाले ते त्याच्यासमोर मांडत.

एकशेतीसच्या आत राहायचं म्हणजे जयवंतला घाट चालत चढावा लागे. त्याच्या मागून येऊन बायका पुढे जायच्या, पेन्शनर पुढे जायचे, एकदा तर मीसुद्धा गेलो. त्या दिवशी तो चहा प्यायला थांबला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, सासरवाडीला निघाल्यासारखा चालतोय मी. सप्टेंबरात डोंगरावरची अर्धमॅरेथॉन होती. तिच्यात त्याची सर्वांत चांगली वेळ दोन तास चार मिनिटं होती आणि दोन तासांच्या आत एकदा तरी यायचं, हे त्याने पाच वर्षं मनात धरून ठेवलं होतं. स्टेंट बसल्यावर ते सुटेल असं आम्हाला वाटलं होतं. उलट ते घट्ट झालं.

जूनच्या शेवटी त्याने मला अदलाबदलीचं विचारलं. मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हणालो, पण पहिल्याइतक्या जोरात नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "श्रीरंग, मी बरा झालोय की नाही हे मला कळायला नको का? हे घड्याळ मला रोज सांगतं की तू आजारी आहेस. दोन-तीन महिने मला माणसासारखं पळू दे. मग शर्यत झाली की तुम्ही म्हणाल तसा चालेन."

मी हो म्हणालो. का म्हणालो याची कारणं मी स्वतःला खूपदा दिली आहेत. त्यातलं खरं कारण खात्यातलं आहे. धरणाची भिंत जेवढं पाणी पेलते, त्याच्या बऱ्याच खाली आम्ही धोक्याची रेघ मारतो. मधलं अंतर हे न सांगितलेल्या भरवशाचं असतं, आणि ते किती हे इंजिनिअरला ठाऊक असतं. डॉक्टरांचा एकशेतीसचा आकडाही तसाच असणार, असं मी गृहीत धरलं. एकशेपंचेचाळीस, फार तर एकशेपन्नास चालतील, ते उगाच घाबरून कमी सांगतात. मी हे जयवंतला बोलूनही दाखवलं. त्याला तेवढंच हवं होतं.

दुसरंही एक कारण होतं, सांगायला लाज वाटते. ते घड्याळ हातात घालून पळायला मला आवडायचं. आकडा एकशेचोवीस, एकशेसव्वीस, एकशेअठ्ठावीस असा रेंगाळायचा आणि मी त्याला तिथंच अडवून धरायचो. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या सावकाशीचा कुणाला तरी उपयोग होत होता. त्या दिवसांत त्यांच्या घरी गेलो की वहिनी खुशीत असायच्या. एकदा त्यांनी शिरा केला आणि म्हणाल्या, "भावजी, हल्ली यांचा आलेख बघत राहावासा वाटतो. किती शहाण्यासारखे पळतात." जयवंतने मान खाली घालून शिरा खाल्ला. मीही खाल्ला, आणि मागूनही घेतला.

माझी एक सवय होती. चौथ्या वळणावर मारुतीचं छोटं देऊळ आहे. तिथं मी बूट काढायचो, घंटा वाजवायचो, एक प्रदक्षिणा घालायचो आणि पुन्हा बूट चढवून निघायचो. दीड मिनिट जायचं त्यात. जयवंतचा देवाशी संबंध नव्हता. वहिनी देवळात गेल्या की तो बाहेर चपला राखत उभा राहायचा, हात पाठीमागे बांधून. मला चिडवायचा की, तुझ्या मारुतीला सांग, मला दीड मिनिट कमी पडतंय, तुझ्यातलं दे. घड्याळ हातात असतानाही मी थांबत राहिलो. आपण त्याच्या नावाने पळतोय तेव्हा थांबू नये, असं डोक्यातच आलं नाही. सवयीची गोष्ट, माणूस तिच्याकडे बघतही नाही.

दोन महिने हे चाललं. ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी, धुकं बऱ्यापैकी होतं, आम्ही टपरीमागे घड्याळ बदललं ते सहा वाजून दहा मिनिटांनी. तेव्हाच तो मला म्हणाला होता, आता तू जयवंत काटकर.

मी माझ्या चालीनं निघालो. तिसऱ्या वळणावर आकडा एकशेएकतीस झाला तसा मी जरा हळू झालो. चौथ्या वळणावर बूट काढले. फरशी ओली होती, मोजे भिजले, म्हणून बुटात पाय घालायला नेहमीपेक्षा वेळ लागला. घंटेचा आवाज धुक्यात लांब जात नाही, जवळच विरतो, हे त्या दिवशी लक्षात आल्याचं आठवतं. तिथून निघून पाच-सहा मिनिटं पळालो असेन, तेवढ्यात वरून एक मोटारसायकल आली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. वरच्या वाडीतून रोज दूध घालायला येणारा गडी होता. आम्हाला तोंडावरून ओळखायचा.

गाडी थांबवून तो म्हणाला, "पाव्हणं, तुमच्यासंगं असत्यात ते वर पडल्यात बघा. कठड्याच्या कडंला. मी हलवलं, बोलंनात."

मी पळालो. सात वर्षांत घाट कधी तसा चढलो नव्हतो. दुधवाल्याने गाडी वळवून मागे बस म्हटलं होतं ते मला नंतर आठवलं, तेव्हा ऐकूच आलं नाही. दंडावरचा फोन आपटत होता, छातीत आग पडली होती, आणि तशातही एकदा मी घड्याळाकडे बघितलं. एकशेएकाहत्तर. दोन महिन्यांची सवय, नजर आपोआप तिकडे गेली.

जयवंत कठड्याला पाठ टेकून बसल्यासारखा होता, पण डोकं खांद्यावर कलंडलेलं. ओठ निळसर. हात धरला तर गार. तो धुक्यातला गारवा होता की दुसरा, हे मला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. मी त्याला आडवा केला आणि छाती दाबायला लागलो. खात्यात एकदा त्याचं प्रशिक्षण झालं होतं. गाडीवरून परत वर आलेला दुधवाला रस्त्याच्या मधोमध उभा राहून वाहनाची वाट बघत होता. त्याच्या मुठीत, म्हणजे जयवंतच्या, ते स्टॉपवॉच होतं. ते चालूच होतं.

किती वेळ दाबत होतो माहीत नाही. तेव्हा वाटलं तास झाला, पण तीन मिनिटंच होती. नंतर वेळेचा हिशोब मांडला तेव्हा ते कळलं. खालून एक जीप येताना ऐकू आली आणि मी थांबलो. तेवढ्यात मला आठवलं की वहिनी बघतायत.

मग मी जे केलं ते सांगतो. मी माझ्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्याच्या मनगटावर बांधलं. पट्टा घट्ट केला. दंडावरची पिशवी सोडून त्याच्या दंडावर चढवली. त्याचा हात जड झाला होता आणि बाही ओली होती, त्यामुळे पिशवी वर सरकेना, मला दोन्ही हातांनी ओढावी लागली. स्टॉपवॉच काढून माझ्या खिशात टाकलं. घड्याळाचा हिरवा दिवा त्याच्या कातडीवर लुकलुकत राहिला, काहीतरी शोधत. पडद्यावर दोन रेघा आल्या आणि तिथंच राहिल्या. मी हे का केलं? त्याचं खोटं पकडलं जाऊ नये म्हणून, असं मी पुढे बरेच दिवस मानत होतो. पण ते खोटं माझंही होतं.

तेवढ्यात त्याच्या दंडावर फोन वाजला. वहिनींचा होता. मी उचलला आणि जयवंतला बरं नाही, आम्ही दवाखान्यात निघालोय, तुम्ही तिकडेच या, एवढं बोललो. त्या फक्त म्हणाल्या, "मला माहीत आहे."

दवाखान्यात डॉक्टरांना फार वेळ लागला नाही. बाहेर येऊन त्यांनी आधी मला विचारलं की साधारण कधीची गोष्ट. मी तोंड उघडायच्या आत मागून वहिनी बोलल्या. पायात घरातल्या सपाता होत्या, मनगटाला कणीक सुकलेली. फोन पुढे धरून, वर्गात उत्तर सांगावं तसं त्या म्हणाल्या, "सहा बावन्नला. मी बघत होते. सहा सेहेचाळीसला वाढायला लागले आणि सहा बावन्नला बंद." डॉक्टरांनी फोनकडे बघितलं, आकडे बघितले, आणि कागदावर तशी वेळ लिहिली. मी बाजूला उभा होतो. माझ्या खिशात स्टॉपवॉच अजून चालू होतं, ते मी पँटवरून दाबून बंद करायचा प्रयत्न करत होतो.

दहाव्यानंतर एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा त्या एकट्याच होत्या. भिंतीवर फोटो लावला होता आणि खाली समई. केतकी म्हणाली होती की आई रोज सकाळी घड्याळ बघून बरोबर सहा बावन्नला समई लावते. वहिनींनी मला बसवलं आणि कुणाला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते म्हणाल्या.

"त्या दिवशी आकडा चढायला लागला तो मी बघितला, भावजी. एकशेचाळीस, पंचावन्न, सत्तर. मला वाटलं, आज यांना राहवलं नाही, मुद्दाम पळतायत. इतका राग आला. मी फोन पालथा टाकला आणि पोळी लाटत बसले. सहा मिनिटं. त्यांचा जीव जात होता आणि मी फोन पालथा टाकून बसले होते."

त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्याच वेळी फोन केला असता, तर तुम्ही आसपास होतात, धावत गेला असतात, असं त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणतात पहिली मिनिटं महत्त्वाची. मग त्यांनी मला विचारलं की वाचले असते का.

सांगायची वेळ तीच होती. एक वाक्य पुरलं असतं. त्या सहा मिनिटांत जयवंतचा जीव जात नव्हता, मी घाट चढत होतो. त्याचा जीव कधीच गेला होता. तुम्ही फोन पालथा टाकला तो माझ्या ठोक्यांवर. हे सगळं जिभेवर आलं. पण त्या मागोमाग म्हणाल्या, एकच समाधान आहे की दोन महिने ते माझ्या शब्दाबाहेर गेले नाहीत. आणि मी म्हणालो, "नाही वहिनी, वाचला नसता. स्वतःला दोष देऊ नका." हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो, म्हणून त्यांनी ते ऐकलंही नाही. मी पाणी प्यालो आणि घरी आलो. मी भित्रा आहे, याची मला त्या दिवशी खात्री पटली. पुढे महिनाभर मी रोज ठरवायचो की उद्या सांगू, आणि पळायला जायचो नाही.

ऑक्टोबरात केतकी आणि वहिनी दोघी माझ्या घरी आल्या. घड्याळ घेऊन. घरात पडून राहण्यापेक्षा काकांनी वापरावं, बाबांना आवडलं असतं, असं केतकीचं म्हणणं. मी नको म्हणालो. माझी बायको कौतुकाने म्हणाली, घ्या हो, त्या प्रेमाने देतायत. केतकीने माझ्या फोनवर ते ॲप घातलं आणि जोडणी करताना म्हणाली, "काका, खातं बाबांचंच राहू दे का? त्यांचं जुनं सगळं पुसायला मन होत नाही." मी राहू दे म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.

घड्याळ दोन आठवडे कपाटात पडलं. वहिनी रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, घातलं का? शेवटी एका शनिवारी घातलं आणि घाटात गेलो. शेवंतामावशीने एकच चहा पुढे केला. मी माझ्या चालीनं चढलो. कठड्यापर्यंत गेलो, तिथं थांबवेना म्हणून तसाच परतलो. आकडा बघायचा नाही असं ठरवलं होतं, तरी बघत होतो. एकशेसव्वीस, एकशेअठ्ठावीस. घरी येऊन घड्याळ काढून ठेवलं आणि अंघोळ केली. अंगावरून एक ओझं उतरल्यासारखं वाटलं, हेही खरं आहे.

रविवारी दुपारी वहिनींचा फोन आला, घड्याळ घेऊन या.

त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर दोन कागद होते. शाळेच्या आलेखवहीची पानं, पेन्सिलने काढलेली. एकावर लिहिलं होतं एकवीस ऑगस्ट, म्हणजे जयवंत जायच्या काही दिवस आधीची तारीख, दुसऱ्यावर कालची. दोन्हींवर एक रेघ हळू चढत जायची, बराच वेळ सपाट चालायची, मध्येच एकदा खाली यायची आणि पुन्हा वर जाऊन सपाट. खाली येण्याची जागा दोन्ही कागदांवर एकच होती.

"काल सकाळी सवयीने फोन उघडला," त्या म्हणाल्या. "तुम्ही चौथ्या वळणावर थांबलात. एक मिनिट चाळीस सेकंदं."

मी हो म्हणालो.

"मारुतीला."

"हो."

त्यांनी पेन्सिलीचं टोक जुन्या कागदावर ठेवलं. "जुलैपासून हे तिथं रोज थांबायला लागले होते. मला वाटलं, दुखण्यानं माणूस बदलतो. मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर हट्टानं थांबले नसते, ओळखत होते मी त्यांना. रोज तिथं ठिपका थांबला की मी इथून हात जोडायची. एकदा तरी आमचं दोघांचं एका वेळी एका देवाला झालं, असं वाटायचं." मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "ते तुम्ही होतात."

मी सगळं सांगितलं. टपरीमागचा आडोसा, पंधरा सेकंदं, धरणाच्या रेघेचं माझं शहाणपण, दुधवाला, एकशेएकाहत्तर. त्याच्या हातावर मी घड्याळ बांधलं तेही सांगितलं. स्टॉपवॉच बरोबर नेलं होतं, ते टेबलावर ठेवलं. माझं संपल्यावर त्या शाळेतल्या बाईंच्या आवाजात, एकेक पायरी तपासत, विचारायला लागल्या.

"म्हणजे ती सहा मिनिटं तुमची."

"हो, वहिनी."

"मी फोन केला असता तरी काही झालं नसतं."

"नाही. त्याच्याजवळ फोनच नव्हता."

मला वाटलं होतं की हे ऐकून त्यांना थोडं तरी हलकं वाटेल. तेवढीच आशा मी धरून आलो होतो. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "मग ते गेले किती वाजता?"

मी म्हणालो, माहीत नाही. साडेसहाच्या सुमारास असेल. आधीही असेल.

"तुम्ही देवळात होतात तेव्हा?"

"असेल."

"मी समजत होते, मी रागावले, चुकले, पण शेवटी फोन सुलटा करून बघत तरी होते," त्या म्हणाल्या. "त्यांच्यापाशी कोणीच नव्हतं तर."

मी मनगटावरचं घड्याळ काढून स्टॉपवॉचशेजारी ठेवलं. त्यांनी जा म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. दारापर्यंत आल्या नाहीत. त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच बाहेर पडलो. त्यानंतर त्या रस्त्यात समोर आल्या तर मान हलवतात, माझ्या बायकोशी बोलतात. माझ्याशी बोललेल्या नाहीत.

मी पळणं सोडलं. गुडघ्याचं निमित्त सांगतो.

केतकी वर्षातून एकदा फोन करते, तिने तो सोडलेला नाही. तिला सगळं माहीत आहे. गेल्या दिवाळीत मी तिला विचारलं, आई अजून सकाळी समई लावते का. लावते म्हणाली. पण आता सहा बावन्नला नाही. सव्वासहाला लावते आणि सात वाजेपर्यंत फोटोसमोर बसून राहते. त्यातलं नक्की कुठलं मिनिट, ते तिला माहीत नाही म्हणून.